नोंदवही आणि यंत्रवैद्य

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने जाता नीरेच्या अलीकडे भोर तालुक्यातील किकवी हे गाव लागते. येथील मनुष्यास खोकला जडून तो महिनाभर हटला नाही, तर तो भोरास जाईल, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरवळास जाईल, किंवा एस. टी. धरून थेट पुणे गाठील. तिन्ही ठिकाणी त्याचे नाव तीन वह्यांत चढेल. आणि त्या वह्यांची परस्परांस ओळख असेलच असे नाही. रोगनिदान करणाऱ्या यंत्रांची सांप्रत जी वाहवा चालली आहे, तिचा विचार आम्ही या वह्यांपासून करू इच्छितो. कारण यंत्राची विद्या ही मुळात नोंदवहीचीच विद्या होय.

ही विद्या आपल्या प्रांतास नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे दीडशे कैदी पुढे आले. (कैद्याच्या स्वेच्छेस कितपत स्वेच्छा म्हणावे, हा प्रश्न निराळा!) न टोचलेल्यांपैकी १२ जणांस रोग जडून ६ दगावले, टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले व दोघेही वाचले. मात्र टोचल्या दिवशीच ज्यांच्या अंगी रोग दिसला, त्यांस या हिशेबातून वगळले होते. ते शास्त्रास धरूनच होते, कारण त्यांच्या शरीरात रोग आधीच शिरलेला होता. तथापि गणनेत कोणास घ्यावे व कोणास सोडावे, हे आकड्यांनी नव्हे, मनुष्याने ठरविले.

पुढे पुणे जिल्ह्यातच वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने के. ई. एम. रुग्णालयाने ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. २००२ पासून तेथील २२ गावांत घरोघर फिरून जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची अखंड नोंद ठेवण्यात येऊ लागली. हे काम कंटाळवाणे खरे. पण गावाचे आरोग्य आकड्यांत दिसते ते अशाच कामामुळे.

आता यंत्राकडे वळू. मुंबईत २०१६ साली निघालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची संगणकप्रणाली छातीचे क्ष-किरण चित्र पाहून क्षयाचा संशय किती, याचा गुणांक देते. लाखो चित्रे व त्यांवरील तज्ज्ञांचे अभिप्राय दाखवून तिला शिकविलेले असते. परंतु किती गुणांस संशयित म्हणावे, ही रेषा मनुष्यच आखतो. रेषा खाली ओढली तर निरोगी माणसेही तपासणीस धाडली जातात. वर नेली तर खरा रोगी घरी परततो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा वाचनास मान्यता दिली, तीही १५ वर्षे व त्यांवरील वयाच्या माणसांपुरतीच. बालके पुन्हा गणनेबाहेर राहिली!

त्याच वर्षीच्या २७ सप्टेंबरास आरंभिलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकास १४ अंकी आरोग्यक्रमांक देऊन, रुग्णाच्या संमतीने, विखुरलेल्या वह्या जोडण्याचे योजिले आहे. योजना आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु यंत्राने संशय दर्शविल्यावर थुंकीची तपासणी व्हावी लागते आणि रोग ठरल्यास बहुधा सहा महिने औषध घ्यावे लागते. किकवीच्या त्या मनुष्यास दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते, गोळ्या फळीवर राहतात, तो कामावर निघून जातो. मग आशाताईस पुन्हा त्याच्या दारी जावे लागते, आणि तो घरी न भेटल्यास तेही वहीत लिहावे लागते.