इराणी की पर्शियन?

इराणी म्हटले की आपल्याला मुंबई-पुण्याचा कडक चहा आणि बनमस्का आठवतो. अमेरिकेतल्या इराण्यांची कथा मात्र निराळी आहे. ती १९७९ च्या क्रांतीपासून सुरू होते असा समज आहे, तोही अर्धाच खरा.

शहाच्या काळात तेलाचा पैसा आला. देशाला अभियंते हवे होते आणि घरची विद्यापीठे अपुरी पडत होती. म्हणून पोरे अमेरिकेला निघाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त इराणीच होते. शिकायचे आणि परतायचे, एवढाच बेत.

४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधली अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेली. ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. राग निघाला तो या पोरांवर. अध्यक्ष कार्टर यांच्या हुकुमावरून प्रत्येक इराणी विद्यार्थ्याला इमिग्रेशन कार्यालयात हजर होऊन कागदपत्रे दाखवणे भाग पडले. इतर कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला ही सक्ती नव्हती. वॉशिंग्टनच्या एका न्यायाधीशांनी ११ डिसेंबरला हा नियम घटनाबाह्य ठरवला. २७ डिसेंबरला अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. गंमत म्हणा की दैव, यांतल्या कित्येकांनी आदल्याच वर्षी अमेरिकेच्या रस्त्यांवर शहाविरुद्ध मोर्चे काढले होते!

आणि त्याच सुमारास क्रांतीला भिऊन पळालेले लोक येऊ लागले: शहाचे अधिकारी, कारखानदार, ज्यू, बहाई, आर्मेनियन. शहाचा सरदार आणि शहाचा वैरी लॉस एंजेलिसच्या एकाच दुकानात केशर विकत घेऊ लागले. त्या शहराला लोक ‘तेहरांजेलिस’ म्हणतात ते उगीच नव्हे. तेहरानमध्ये बंद झालेले पॉप संगीत तिथे पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि कॅसेटींतून चोरून मायदेशी पोचले.

पण स्वतःला म्हणायचे काय? ‘इराणी’ म्हटले की समोरच्याला ओलीस आठवत. मग अनेकांनी ‘पर्शियन’ हा जुना शब्द जवळ केला. १९३५ मध्ये रझा शहाने जगाला बजावून सांगितले होते, आम्हाला इराण म्हणा. चाळीसएक वर्षांनी त्याच देशाची माणसे परमुलखात तो शब्द गिळू लागली. मला यात लबाडी दिसत नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यांतला संशय चुकवायला माणूस एवढे करणारच. २०१० मध्ये वेस्टवुडमधल्या एका चौकाला अधिकृत नाव मिळाले तेही ‘पर्शियन स्क्वेअर’.

जनगणनेत हे लोक गोऱ्यांतच मोजले जात. मध्यपूर्वेसाठी वेगळा रकाना सरकारने मान्य केला तो २०२४ मध्ये.

एप्रिल १९८० पासून दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नाहीत, तेहरानला अमेरिकन वकिलात नाही. त्यामुळे लेकीकडे जाऊ पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी अंकारा, येरेवान नाहीतर अबू धाबी गाठावे लागे. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रवेशबंदीत इराणचे नाव आले. २०२१ मध्ये बायडेन यांनी ती बंदी उठवली, आणि जून २०२५ मध्ये ते नाव पुन्हा यादीत आले.