जठरकृमींची ओळख व वर्गीकरण

गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या इ. चरणाऱ्या जनावरांच्या जठरात राहून त्यांच्यावर उपजीविका करणाऱ्या परजीवी कृमींना जठरकृमी म्हणतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरास चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिल्या कप्प्यात (रोमंथिकेत) मुख्यत्वे पर्णकृमी, तर पाचक रस स्रवणाऱ्या चौथ्या कप्प्यात गोलकृमी आढळतात. येथे चौथ्या कप्प्यातील गोलकृमींचाच विचार केला आहे.

यांतील सर्वांत घातक कृमी हिमाँकस कंटॉर्टस हा होय. मादी सु. १८ ते ३० मिमी. लांब असते. रक्ताने भरलेल्या तिच्या तांबड्या आतड्याभोवती पांढरे अंडाशय पिळासारखे गुंडाळलेले असल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. प्रत्येक कृमीमुळे दररोज सु. ०.०५ मिलि. रक्त वाया जाते. त्यामुळे काही हजार कृमी असलेले कोकरू थोड्याच दिवसांत पांढुरके पडते, त्याच्या जबड्याखाली पाणी साचून सूज येते आणि ते दगावते.

प्रारंभीचे वर्गीकरण : या कृमीचे वर्णन कार्ल आस्मुंट रूडोल्फी यांनी १८०३ साली स्ट्राँगायलस कंटॉर्टस या नावाने केले. त्या काळी स्ट्राँगायलस या एकाच प्रजातीत परस्परांहून अगदी भिन्न असे अनेक कृमी समाविष्ट केले जात. सूक्ष्मदर्शकाने नराच्या शेपटीकडील पडदा, त्याला आधार देणारे किरण आणि मैथुनाच्या वेळी उपयोगी पडणारे दोन ताठ काटे यांचे बारकाईने निरीक्षण होऊ लागल्यावर ही प्रजाती विभागली गेली. एन्. ए. कॉब यांनी १८९८ मध्ये हिमाँकस, ए. लोस यांनी १९०५ मध्ये ट्रायकोस्ट्राँगायलस व बी. एच्. रॅन्सम यांनी १९०७ मध्ये ऑस्टर्टाजिया या प्रजाती स्थापन केल्या. रॅन्सम यांनी १९०६ मध्ये हिमाँकसचे जीवनचक्र प्रसिद्ध केले. अंडी शेणा-लेंड्यांतून जमिनीवर पडतात, उबदार व ओलसर हवेत त्यांतून अळ्या निघतात आणि त्या गवताबरोबर जनावरांच्या पोटात जातात, असे हे चक्र आहे. गाई-म्हशींत आढळणारा मेसिस्टोसिरस डिजिटॅटस हा कृमी डोळ्यांना हिमाँकससारखाच दिसतो. तथापि त्याच्या नराचे काटे कित्येक मिमी. लांब व बारीक असतात आणि मादीचे जननरंध्र गुदद्वाराजवळ असते.

जिवंत जनावरातील निदान : वरील लक्षणे शवविच्छेदनानंतरच पाहता येतात. जिवंत जनावराच्या शेणात सापडणारी या प्रजातींची अंडी मात्र इतकी सारखी असतात की, त्यांवरून कृमी निश्चित ओळखता येत नाही. म्हणून अंडी उबवून मिळालेल्या अळ्या तपासण्याची पद्धत रूढ झाली. जी. डिकमन्स व जे. एस्. अँड्र्यूझ यांनी १९३३ मध्ये मेंढ्यांतील कृमींच्या संसर्गक्षम अळ्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. अळीची लांबी आणि तिच्या आवरणाची शेपटी किती पुढे गेली आहे, यांवरून प्रजाती ठरविता येते. अंड्यांची संख्या मोजण्याची सुलभ रीत एच्. मॅकएल्. गॉर्डन व एच्. व्ही. व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये सिडनीतील मॅकमास्टर प्रयोगशाळेत सिद्ध केली व ती त्याच नावाने जगभर प्रचलित झाली.

एक जाती की दोन : मेंढ्यांतील व गुरांतील हिमाँकस एकच आहे की भिन्न, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला. गुरांतील प्रकाराला रॅन्सम यांनी १९११ मध्ये हिमाँकस प्लेसी या स्वतंत्र जातीचे स्थान दिले. ऑस्ट्रेलियात १९५४ मध्ये झालेल्या अभ्यासांत अळ्यांच्या व गुणसूत्रांच्या रचनेतील भेद दिसून आले. तरीही १९७९ मध्ये एल्. एम्. गिबन्झ यांनी शरीररचनेच्या आधारे दोन्ही प्रकार एकाच जातीत घातले. १९९४ मध्ये त्वचेवरील उभ्या कंगोऱ्यांच्या मांडणीवरून त्या पुन्हा वेगळ्या ठरल्या आणि १९९५ मध्ये डीएनएच्या २३१ घटकांच्या एका पट्ट्यात तीन ठिकाणी कायमचा फरक आढळल्याने त्या मताला पुष्टी मिळाली. मात्र भिन्न जाती म्हणजे पूर्ण विलगता नव्हे. दोन्ही कृमी एकमेकांच्या आश्रयी प्राण्यांत आढळतात व त्यांच्यात निसर्गतः संकर होत असल्याचे जननिक पुरावे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

भारतातील व महाराष्ट्रातील अभ्यास : पशुरोगांच्या संशोधनासाठी पुणे येथे १८८९ मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींवरील जी. डी. भालेराव यांचा प्रबंध १९३५ मध्ये, तर एच्. ए. बेलिस यांचा गोलकृमींवरील ग्रंथ १९३६ व १९३९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, नीरा नदीच्या दक्षिणेस शिरवळ येथे १९८८ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ते आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना २०००) घटक महाविद्यालय आहे. या परिसरात गुरे, शेळ्या व मेंढ्या एकाच माळावर व गायरानात चरतात. त्यामुळे वरील वाद येथे केवळ शास्त्रीय राहत नाही. मेंढ्यांनी दूषित केलेले रान गुरांसाठी निर्धोक आहे काय, याचे उत्तर त्यावर अवलंबून असते. लगतच्या फलटण तालुक्यातील निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी व बन्नूर मेंढ्यांची कोकरे आणि त्यांचे बंगालमधील गॅरोल जातीशी झालेले संकर यांच्या कृमिप्रतिकारक्षमतेचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

व्यावहारिक महत्त्व : थायाबेंडाझोल हे प्रभावी औषध १९६१ मध्ये प्रचारात आले, परंतु १९६४ पर्यंत त्याला न जुमानणारे हिमाँकस आढळू लागले. या प्रतिरोधास कारणीभूत असलेला जनुकातील बदल १९९४ मध्ये निश्चित करण्यात आला. संकरामुळे असा बदल मेंढ्यांच्या कृमींतून गुरांच्या कृमींत जाण्याची शक्यता असते. म्हणून कळपात कोणता कृमी आहे हे न पाहता सर्व जनावरांना वरचेवर एकच औषध पाजणे अहितकारक ठरते. शेण व लेंड्या तपासून, अळ्यांवरून कृमीची प्रजाती निश्चित करून, गरज असलेल्याच जनावरांना औषध देणे हाच त्यावरील उपाय मानला जातो.