बंबाची घंटा आणि सात डाव

अमेरिकेतल्या हौशी सॉफ्टबॉल स्पर्धांत पंच एक वाक्य हमखास बोलतात : वेळ झाली, आता नवा डाव नाही. शनिवार-रविवारी एकाच मैदानावर सकाळपासून सामने लावलेले असतात. नेमून दिलेला तास-सव्वा तास उलटला की चालू डाव पुरा करायचा आणि मैदान पुढच्या संघांना द्यायचं. जुन्या खेळाडूंना हे बोचतं. बेसबॉलच्या घरातला खेळ, त्याला घड्याळ कशाला, असं ते म्हणतात. आपल्या खो-खोत पाळीच मुळी ठरावीक मिनिटांची असते, म्हणून आपल्याला त्यात वावगं वाटणार नाही. पण मीही बरीच वर्षं या जुन्या खेळाडूंच्याच बाजूचा होतो. लुईस रोबर कोण होता हे कळलं आणि माझं मत बदललं.

सॉफ्टबॉलच्या जन्माची प्रसिद्ध कथा शिकागोची आहे. 1887 साली, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, फॅरागट बोट क्लबात येल-हार्वर्ड फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मंडळींनी मुष्टियुद्धाचा हातमोजा काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉकने तो मोजा बांधून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने मैदान आखलं आणि खेळ सुरू झाला.

रोबर मात्र मिनियापोलिसचा, आणि अग्निशामक दलातला. 1895 च्या सुमारास आपल्या जवानांचं अंग मोकळं राहावं म्हणून त्याने केंद्राशेजारच्या मोकळ्या जागेत असाच एक खेळ मांडला. पिचरचं अंतर अवघं 35 फूट. पुढे त्याच्या संघाचं नाव पडलं किटन्स, म्हणजे मांजरीची पिल्लं, आणि त्यावरून खेळालाच किटन बॉल म्हणू लागले. 'सॉफ्टबॉल' हे नाव 1926 मध्ये डेन्व्हरच्या वॉल्टर हॅकन्सनने सुचवलं.

रोबरच्या केंद्राशेजारच्या त्या जागेचा जरा विचार करा. शेजारी घोडे आणि बंब उभे. खेळणारे सगळे कामावर. घंटा कोणत्याही क्षणी वाजणार, आणि ती वाजली की बॅट टाकून धावायचं. नऊ डावांचा बेसबॉल तिथे कोण पुरा करणार? खेळ आटोपशीर हवा, मैदान लहान हवं, आणि मध्येच सोडावा लागला तरी हळहळ वाटू नये. सॉफ्टबॉलच्या सात डावांचं मूळ मी या घंटेत शोधतो. वेळेची मर्यादा हीसुद्धा त्याच घंटेची नात आहे, असं माझं ठाम मत आहे.

हॅनकॉकच्या बाजूचे लोक म्हणतील, छपराखालच्या तंग जागेने खेळ लहान केला. जागेने मैदान लहान होतं हे खरं, पण डाव कमी होत नाहीत. दुसरा दावा दिव्यांचा : रात्रीचे सामने आले, मैदानं भाड्याने मिळू लागली, म्हणून घड्याळ आलं. यात तथ्य आहे. पण दिवे लागले तेव्हा हा खेळ घाईत खेळण्याची सवय लोकांच्या अंगात आधीच मुरली होती. बरोबरी झाल्यास आठव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा करायचा, हा सॉफ्टबॉलचा तोडगा थोरल्या बेसबॉलने 2020 मध्ये उचलला. घाईची विद्या धाकट्याकडून थोरल्याकडे गेली!

एका ठिकाणी मात्र धाकट्याने थोरल्याचं जसंच्या तसं घेतलं, आणि तिथेच गोंधळ झाला. पावसाने खेळ थांबला तर बेसबॉलमध्ये पाच डाव झाले असतील तर निकाल ग्राह्य धरतात. नवातले पाच, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. सॉफ्टबॉलने डाव सातावर आणले, पावसाचा आकडा मात्र पाचच ठेवला. त्याच हिशेबाने तो चार व्हायला हवा होता. रोबरच्या जवानांनी हा नियम लिहिला असता तर तो चारच झाला असता, असं मला वाटतं. अनेक स्थानिक स्पर्धांनी स्वतःच हा आकडा खाली आणला आहे, आणि ते बरोबर केलं आहे.

त्यात विजेची भर. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटापासून 30 मिनिटं थांबायचं, ही तिकडची रूढ शिस्त आहे. मधेच पुन्हा गडगडलं की मोजणी पहिल्यापासून. अशा वेळी सामन्याचं घड्याळ चालू ठेवायचं की थांबवायचं? चालू ठेवलं तर आघाडीवरचा संघ ढगांकडे पाहत बसतो. थांबवलं तर शेवटचा सामना मध्यरात्री जातो. माझ्या मते घड्याळ थांबवावं आणि उरलेल्या सामन्यांची वेळ सारखी कापावी. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी निदान आपला नियम पहिला चेंडू पडण्याआधी दोन्ही कर्णधारांच्या हाती लेखी द्यावा.