वेड्यांचा वकील

एखाद्या मनुष्याला एकदां वेडा ठरविलें म्हणजे त्याचें खरें बोलणेंहि वेडाचेंच लक्षण समजलें जातें. मग त्यानें दाद मागावी कोणाकडे? एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत या प्रश्नाचें उत्तर एका माजी रुग्णानेंच शोधून काढलें. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

त्याचें नांव जॉन पर्सेव्हल. १८१२ सालीं पार्लमेंटांतच ज्यांचा खून झाला, त्या मुख्य प्रधान स्पेन्सर पर्सेव्हल यांचा हा मुलगा. तरुणपणीं तो सैन्यांत अधिकारी होता. पुढें १८३० च्या सुमारास त्याचें चित्त भ्रमलें. अदृश्य आवाज त्याला आज्ञा देऊं लागले. घरच्यांनीं त्याला आधीं ब्रिस्टलजवळच्या व नंतर ससेक्समधील खासगी इस्पितळांत ठेविलें. तेथें त्याला पट्ट्यांनीं जखडीत, थंड पाण्यानें न्हाऊं घालीत. बरा होऊन १८३४ सालीं तो बाहेर पडला, आणि पुढें आपले अनुभव त्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. शरीराच्या हालांइतकीच एक गोष्ट त्याला झोंबली होती: त्याला कोणी कांहीं विचारीतच नसे.

त्या काळीं सुधारणा होत नव्हत्या असें नाहीं. १८३९ पासून हॅनवेलच्या इस्पितळांत डॉ. जॉन कोनोली यांनीं रुग्णांस जखडण्याची चाल बंद केली. १८४५ च्या कायद्यानें इस्पितळांवर देखरेख करणारे आयुक्त नेमले गेले. परंतु रुग्णाचें हित डॉक्टर ठरवीत, आप्त ठरवीत, आयुक्त ठरवीत. रुग्णाचें स्वतःचें म्हणणें मांडणारा कोणीच नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठीं १८४५ सालींच पर्सेव्हल व त्याचे स्नेही यांनीं एक मंडळ काढलें. 'वेडे ठरविलेल्यांचें मित्रमंडळ' असा त्याच्या नांवाचा अर्थ. मंडळाचे लोक रुग्णांस भेटत, अन्यायानें डांबलेल्यांस कायद्याची मदत देत, पार्लमेंटकडे अर्ज करीत. १८५९ सालीं चौकशी-समितीपुढें स्वतः पर्सेव्हलनें साक्ष दिली. महाराणीच्या समस्त वेड्या प्रजेचा आपण वकील आहों, असें तो म्हणे. मंडळ लहान होतें, आणि १८६० नंतर थोड्याच वर्षांत तें बंद पडलें.

विचार मात्र टिकला. इंग्लंडांत २००५ च्या कायद्यानें, बौद्धिक अक्षमतेमुळें वा मानसिक आजारामुळें ज्यांना निर्णय घेतां येत नाहीं व ज्यांच्या वतीनें बोलणारें जवळचें कोणी नाहीं, त्यांना मोठ्या उपचारांच्या वेळीं स्वतंत्र कैवारी मिळूं लागला. २००७ च्या कायद्यानें सक्तीनें इस्पितळांत ठेविलेल्या रुग्णांसहि तो हक्क दिला. आपल्या देशांत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णाला आपला प्रतिनिधि आपणच नेमण्याचा व मोफत कायदेशीर मदत मिळविण्याचा अधिकार मिळाला आहे.

घरांतील दुबळ्या माणसाविषयीं आपण जे निर्णय घेतों, ते बहुधा मायेनेंच घेतों. पर्सेव्हलच्या आप्तांच्या मनांतहि दुष्टावा नव्हता. त्यांनीं त्याला विचारलें मात्र नाहीं. आणि तेवढ्यासाठीं त्याला पुढें आयुष्यभर झगडावें लागलें.