रूटीन, संगणकीय

ठराविक काम करण्यासाठी क्रमवार लिहिलेल्या व हवे तेव्हा वापरता येणाऱ्या संगणकीय आज्ञांच्या समूहास रूटीन म्हणतात. मोठ्या आज्ञावलीचा घटक असलेल्या रूटीनला सबरूटीन ही संज्ञा आहे. वर्गमूळ काढण्यासारखे काम एकाच आज्ञावलीत अनेकदा करावे लागते; त्याच्या आज्ञा एकदाच लिहून ठेवाव्यात, ही कल्पना साधी आहे. अडचण येते ती परतीची. सबरूटीनला निरनिराळ्या ठिकाणांहून पाचारण होत असल्याने, काम संपल्यावर नेमके कोठे परतावयाचे हे त्याला प्रत्येक वेळी कळावे लागते.

ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी एसीई या नियोजित संगणकाच्या आराखड्यात (१९४६) परतीची नोंद स्मृतीत ‘पुरून’ ठेवण्याची व काम होताच ‘उकरून’ काढण्याची योजना सुचविली होती. परंतु त्या स्वरूपात तो संगणक बांधला गेला नाही. प्रत्यक्ष वापराची परंपरा सुरू झाली ती केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकापासून. तो ६ मे १९४९ रोजी प्रथम कार्यान्वित झाला. लवकरच त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांच्या ध्यानात आले, की बिनचूक आज्ञावली लिहिणे अपेक्षेपेक्षा फारच कठीण आहे. त्यांच्या एका आरंभीच्या आज्ञावलीत १२६ आज्ञांमध्ये सु. २० चुका होत्या. म्हणून तपासून पक्क्या केलेल्या सबरूटीनांचा संग्रह करण्यात आला. ती छिद्रित कागदी फितींवर ठेवीत व गरजेप्रमाणे नव्या फितीवर उतरवून घेत. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ सबरूटीने होती.

एडसॅकमध्ये परतीचा पत्ता जपणारी वेगळी सोय नव्हती. डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) यांनी शोधलेली युक्ती ‘व्हीलर उडी’ या नावाने ओळखली जाते. सबरूटीनकडे वळण्यापूर्वी मूळ आज्ञावली स्वतःच्याच एका आज्ञेची प्रत संचायकात घेई. त्या आज्ञेत तिचा स्वतःचा पत्ता असे. सबरूटीन तीत एक स्थिर संख्या मिळवून परतीची आज्ञा बनवी आणि ती आपल्या शेवटी बसवी. यंत्राच्या लेखी आज्ञा ही संख्याच असल्याने हे साधले. सबरूटीन लिहिण्यापेक्षा, त्याची अंतर्रचना न जाणणाऱ्यालाही ते वापरता येईल असे त्याचे वर्णन लिहिणे कदाचित अधिक अवघड, असे व्हीलर यांनी १९५२ मध्ये नमूद केले. हे निरीक्षण त्या युक्तीहून अधिक टिकाऊ ठरले.

परतीची जागा एकच असल्याने सबरूटीनने स्वतःलाच पाचारण केल्यास आधीची नोंद पुसली जाई. अल्गॉल ६० या भाषेत असे पुनरावर्ती पाचारण ग्राह्य धरल्यावर परतीचे पत्ते चळतीत ठेवण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. ताटांच्या चळतीप्रमाणे शेवटी ठेवलेला पत्ता प्रथम उचलला जातो. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये तिचे विवेचन केले. मात्र अनेक यंत्रणांत परतीचा पत्ता व इतर माहिती या चळतीत शेजारीशेजारी राहतात. राखून ठेवलेल्या जागेपेक्षा अधिक माहिती आत घुसवून परतीचा पत्ता बदलता येतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या उपद्रवी आज्ञावलीने संगणकांत शिरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी हा एक होता.