रंग मोठा की क्रम?



कामगार संघटनेचा माणूस पत्त्यांवर बोलायला उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. कारण सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, पगाराच्या रात्री, आमच्या चाळीत तीन पत्तीच्या डावावर दोघा मित्रांचे जुंपले. एक जहाजावर नोकरी करून आलेला. तो म्हणे, पोकरमध्ये एका रंगाचे पत्ते क्रमवार पत्त्यांहून मोठे, मग इथेही तेच. दुसरा म्हणे, क्रमच मोठा. मध्ये पगाराचे पैसे. निवाड्यासाठी मला उठवले. मला तो देता आला नाही. दोघांचे बोलणे कायमचे तुटले.

पुढे वाचनालयात बसून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. निवडीचे प्रकार मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त तिचा सर्वसाधारण नियम दिला. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी सहा रसांची मिश्रणे मोजली. ती ६३ भरतात. युरोपात सोळाव्या शतकात कार्डानो या वैद्याने जुगाराचे गणित लिहिले, आणि १६५४ साली पास्काल व फर्मा यांच्या पत्रव्यवहाराने संभवशास्त्राचा पाया घातला.

पोकर त्यानंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर तो फैलावला. तेव्हा पत्ते वीसच असत : एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. प्रत्येक रंगाचे पाचच पत्ते; म्हणजे एका रंगाचा हात सगळ्या जुडीत चारदाच संभवे. जोडी, तिकडी, चौकडी यांवरच खेळ चाले. पुढे बावन्न पत्ते आले आणि रंगाला मान मिळाला. क्रमाला मात्र ताटकळावे लागले. १८६० नंतरच्या दशकातही तो सगळीकडे मान्य नव्हता. डाव मांडण्यापूर्वी ठरवून घ्यावे लागे.

मग रंग वर का बसला? मोजून पाहू. बावन्नांतून पाच पत्ते २५,९८,९६० प्रकारे निघतात. एका रंगाच्या तेरांतून पाच १,२८७ प्रकारे. चार रंगांचे ५,१४८. क्रम एक्का-दुर्रीपासून दश्शी-एक्क्यापर्यंत दहा. प्रत्येक जागी चारांपैकी कोणताही रंग, म्हणून दहा गुणिले १,०२४, म्हणजे १०,२४०. रंगही आणि क्रमही असे ४० हात दोहोंतून वजा करा. रंग ५,१०८, क्रम १०,२००. जो दुर्मिळ तो मोठा. जहाजावरचा गडी पोकरपुरता खरा.

आता तीन पत्ते घ्या. एकूण हात २२,१००. रंगाचे २८६ गुणिले चार, म्हणजे १,१४४. क्रमाचे बारा गुणिले ६४, म्हणजे ७६८. दोहोंत मोडणारे ४८ वजा जाता रंग १,०९६, क्रम ७२०. येथे क्रम दुर्मिळ! चार पत्त्यांत तर रंग २,८१६ आणि क्रम २,७७२. काटा जवळजवळ मधोमध. पाचवा पत्ता येताच पारडे फिरते. म्हणजे दोघेही खरे होते, आपापल्या खेळात. त्या रात्रीचे पैसे मात्र तीन पत्तीवाल्याचे होते.

मोठेपण पत्त्यात नसते, मोजणीत असते. आणि किती पत्ते वाटले यावर मोजणी फिरते. मालकाने पुढे केलेला वेतनाचा तक्ता वाचताना हा धडा मला फार उपयोगी पडला. आणखी एक आकडा : त्या २२,१०० पैकी १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते. चारांतले जवळजवळ तीन हात रिकामे! ‘आता पान लागेलच’ म्हणून पगार लावणाऱ्याला पत्ते काही मागची हार आठवून भरपाई देत नाहीत.

हा हिशेब घेऊन मी पुढे त्या जहाजवाल्याकडे गेलो. कागद त्याने दोनदा वाचला. म्हणाला, “हे त्याला दाखवायला हवं होतं.” पण त्याचा मित्र त्याआधीच वारला होता.