क्लिंटन, जॉर्ज

(२२ जुलै १९४१ – ). अमेरिकन गायक, गीतकार, ध्वनिमुद्रण-निर्माते आणि ‘पार्लमेंट’ व ‘फंकाडेलिक’ या बँडचे प्रमुख. जेम्स ब्राउन यांच्या हातून आकाराला आलेल्या फंक संगीताला त्यांनी रॉकची गिटार, सिंथेसायझर आणि विज्ञानकथा यांची जोड दिली. वादक म्हणून त्यांची ख्याती नाही, आणि गळ्याच्या बळावर ते मोठे झाले असेही म्हणता येत नाही. कोणाकडून काय वाजवून घ्यायचे, हे ओळखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा त्या पिढीत क्वचितच कोणी असेल.

त्यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायनातील कनॅपोलिस येथे झाला. ते वाढले न्यू जर्सीत. प्लेनफील्ड या गावी केशकर्तनालयात काम करीत असताना, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, त्यांनी मित्रांना घेऊन ‘द पार्लमेंट्स’ हा गायकसंच काढला. नाव घेतले सिगारेटच्या एका छापावरून. कुरळे केस रसायन लावून सरळ करून देणे हा दिवसाचा धंदा आणि त्याच दुकानात गाण्याच्या तालमी, असे बरेच दिवस चालले. पुढे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी त्यांनी गाणी लिहिली. १९६७ मध्ये ‘टेस्टिफाय’ हे गाणे गाजले, पण लगेच ते गाणे काढणाऱ्या दुसऱ्या कंपनीशी वाद होऊन संचाचे नावच अडकून पडले.

क्लिंटन यांनी मग साथीच्या वादकांना पुढे केले, त्यांच्या बँडला ‘फंकाडेलिक’ हे नाव दिले आणि डेट्रॉइटच्याच वेस्टबाउंड कंपनीशी करार केला. गायक तेच, वादक तेच. काही वर्षांनी जुने नाव मोकळे झाले, तेव्हा १९७४ मध्ये त्यांनी ‘पार्लमेंट’ कॅसाब्लांका कंपनीकडे नेला. एकाच ताफ्यातून दोन बँड, दोन कंपन्या. फंकाडेलिकमध्ये गिटारचा कल्लोळ, तर पार्लमेंटमध्ये गायकांचा मेळ आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ठसका. पुढे याच ताफ्यातून बूट्सीज रबर बँड, पार्लेट, ब्राइड्स ऑफ फंकेन्स्टाइन असे संच निघाले. या सगळ्या गोतावळ्याला ‘पी-फंक’ म्हणतात.

ताफ्यातली माणसेही तोलामोलाची होती. बास गिटारवादक बूट्सी कॉलिन्स, ट्रॉम्बोनवादक फ्रेड वेस्ली आणि सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर हे तिघेही जेम्स ब्राउन यांच्याकडून आलेले. ब्राउन चुकलेल्या सुराबद्दल वादकांना दंड करीत. क्लिंटन यांच्याकडे मोकळीक होती. ब्राउन यांच्याकडची एक गोष्ट मात्र त्यांनी जपली. रॉक आणि सोल संगीतात ठोका सहसा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. फंकमध्ये सारा भार पहिल्या मात्रेवर असतो. आपल्याकडच्या श्रोत्याला समेची सवय असल्याने हे चटकन उमगते. मधल्या मात्रांत कोणी कितीही भरकटला, तरी समेवर सगळे एकत्र येतात. पंधरा-वीस जणांचा ताफा रंगमंचावर विस्कटत नसे, तो या एका नियमामुळे.

नेता म्हणून क्लिंटन यांची नजर कळण्यासाठी ‘मॅगट ब्रेन’ (१९७१) ऐकावे. आई गेल्याची बातमी आत्ताच कानावर आली आहे असे समजून वाजव, असे त्यांनी गिटारवादक एडी हेझल यांना सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. वादन संपल्यावर त्यांनी बाकीच्या वाद्यांचा आवाज जवळजवळ पुसून टाकला आणि सुमारे दहा मिनिटांची ती गिटार एकटी ठेवली. ‘फ्लॅशलाइट’ (१९७८) मध्ये याच्या उलट: बूट्सींसारखा बासवादक हाताशी असताना खर्जाची ओळ बर्नी वॉरेल यांनी मूग सिंथेसायझरवर वाजवली. वॉरेल हे पाश्चात्त्य अभिजात संगीताची तालीम घेतलेले. त्या ओळीने पुढच्या दशकातील नृत्यसंगीताला वळण लावले.

‘मदरशिप कनेक्शन’ (१९७५) या अल्बममध्ये कृष्णवर्णीय माणसे अंतराळयानातून फंक घेऊन पृथ्वीवर उतरतात. १९७६ च्या दौऱ्यापासून हे यान खरोखरच धूर सोडत रंगमंचावर उतरू लागले. हा नुसता थिल्लरपणा आहे असे मानणाऱ्यांना त्यातली मेख कळली नाही. त्या काळच्या अंतराळकथांमध्ये कृष्णवर्णीयांना जवळजवळ जागाच नव्हती. क्लिंटन यांनी यानाचे सुकाणूच त्यांच्या हाती दिले.

पैशाच्या व्यवहारात मात्र सगळा घोळ होता. आरंभापासूनचे तीन सहकारी १९७७ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी १९८१ मध्ये ‘फंकाडेलिक’ याच नावाने वेगळा अल्बम काढला. त्याच सुमारास मूळ ताफाही विखुरला. ‘ॲटॉमिक डॉग’ (१९८२) हे क्लिंटन यांचे स्वतःच्या नावावरचे सर्वांत गाजलेले गाणे. त्यानंतर अमली पदार्थांच्या व्यसनात त्यांची बरीच वर्षे गेली; आत्मचरित्रात (२०१४) त्यांनी हे लपवलेले नाही.

याच काळात हिप-हॉप कलाकारांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे उचलून नवी गाणी रचली. डी ला सोल, डॉ. ड्रे, स्नूप डॉग यांची सुरुवातीची गाणी पी-फंकवाचून उभी राहिली नसती. जुन्या गाण्यांचे बरेचसे हक्क कंपन्यांकडे असल्याने खटलेही त्यांनीच भरले. फंकाडेलिकच्या गिटारच्या सुमारे दोन सेकंदांच्या तुकड्यावरून चाललेल्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००५ मध्ये इतक्या छोट्या तुकड्यालाही परवानगी हवी असा निर्णय दिला. संगीताच्या कायद्यात तो आजही वादग्रस्त आहे.

१९९७ मध्ये पार्लमेंट-फंकाडेलिकच्या १६ सदस्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. मूळ यान १९८० च्या दशकात भंगारात गेले. १९९० च्या दशकात बनवलेली त्याची प्रतिकृती वॉशिंग्टन येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.